धर्मयुद्धांतील वैद्य आणि त्यांचे रोगी

हल्लींचीं मुलें संगणकावर जे खेळ खेळतात, त्यांपैकीं कांहीं इतिहासाचा अंगरखा घालून येतात. २००७ सालीं निघालेला ‘असॅसिन्स क्रीड’ हा त्यांतलाच. त्यांत ११९१ सालचें पॅलेस्टाइन उभें केलें असून अक्का शहरांतील रुग्णालयांत गार्निए द नाप्लूज नांवाचा एक दुष्ट वैद्य दाखविला आहे. तो रोग्यांवर प्रयोग करितो आणि पळून जाऊं पाहणाऱ्या रोग्याचे पाय मोडण्याची आज्ञा देतो. मास्तरकी सुटली तरी तिची संवय सुटत नाहीं. तेव्हां हा मनुष्य खरोखर कसा होता, आणि त्या काळचे वैद्य रोग्यांशीं कसे वागत, हें आज आपणांस सांगावें असें योजिलें आहे.

गार्निए होऊन गेला यांत शंका नाहीं. जेरुसलेमच्या सेंट जॉनच्या रुग्णसेवक संघाचा तो ११९० पासून ११९२ पर्यंत मुख्य होता. परंतु तो वैद्य नव्हता. लढवय्या सरदार होता. ७ सप्टेंबर ११९१ रोजीं अर्सूफच्या लढाईंत त्याच्या संघाकडे पिछाडी होती. सलाउद्दीनाच्या तिरंदाजांनीं त्यांचे घोडे मारण्याचा सपाटा लावला, तेव्हां त्यानें राजा रिचर्डजवळ हल्ल्याची परवानगी मागितली. राजानें धीर धरावयास सांगितलें. पण संघाच्या सेनापतीनें हुकुमाची वाट न पाहतां घोडा पुढें घातला. तेव्हां गार्निएच्या लोकांवर फार तर बेशिस्तीचा आरोप करितां येईल. रोग्यांच्या छळाचा डाग खेळ रचणाऱ्यांनीं लाविलेला आहे. आठशें वर्षांपूर्वीं मेलेला मनुष्य आपल्या बाजूनें साक्ष देऊं शकत नाहीं. म्हणून ती कोणीतरी दिली पाहिजे.

आतां ज्या संघाचा तो मुख्य होता, त्याचें रुग्णालय कसें होतें तें पाहा. इटलींतील अमाल्फी शहरच्या व्यापाऱ्यांनीं अकराव्या शतकांत जेरुसलेम येथें यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा काढिली, तिच्यांतून हा संघ निघाला. १११३ सालीं पोपनें त्यास मान्यता दिली. संघाच्या नियमांत रोग्यांस ‘धनी’ मानिलें आहे, आणि सेवा करणारे बंधु हे त्यांचे चाकर. ११८२ सालच्या नियमांप्रमाणें चार वैद्य नेमावयाचे होते. प्रत्येक रोग्यास स्वतंत्र पांघरूण, शौचास जातांना अंगावर घ्यावयास मेंढीच्या कातड्याचा झगा, पायांत जोडे आणि डोक्यास लोकरीची टोपी द्यावयाची होती. आठवड्यांतून तीन दिवस मांस, व तें न पचणाऱ्यास कोंबडी. यात्रेंत बाळंत झालेल्या स्त्रियांच्या मुलांसाठीं निराळे लहान पाळणे, कीं झोपेंत आईच्या कुशीखालीं मूल सांपडूं नये. ज्यानें हा शेवटचा नियम लिहिला, त्यानें रात्रीं रुग्णालयांतून फिरून डोळ्यांनीं कांहींतरी पाहिलेलें असलें पाहिजे. पुढें ११८७ सालीं सलाउद्दीनानें जेरुसलेम घेतलें, तेव्हां त्या विजयी शत्रूनें देखील रोग्यांच्या शुश्रूषेसाठीं संघाच्या दहा बंधूंस एक वर्ष तेथें राहूं दिलें.

मग त्या काळांत रोग्यांचे हाल झालेच नाहींत काय? झाले, आणि त्याची हकीकत उसामा इब्न मुन्किध या सीरियांतील सरदारानें आपल्या आठवणींत नमूद केली आहे. याचा जन्म १०९५ चा, मृत्यु ११८८ चा. लेबनानच्या डोंगरांतील मुनैतिरा येथील फ्रँक किल्लेदारानें उसामाच्या चुलत्याकडे वैद्य मागितला. चुलत्यानें साबित नांवाचा ख्रिस्ती वैद्य धाडिला. तो दहा दिवसांच्या आंतच परत आला. लोकांस वाटलें, काय हातगुण! त्यानें सांगितलें तें असें: एका सरदाराच्या पायास गळूं झालें होतें, त्यानें पोटीस बांधिलें, गळूं फुटून उतार पडूं लागला. एका स्त्रीचें डोकें फिरलें होतें. तिला त्यानें पथ्यावर ठेविलें. इतक्यांत एक फ्रँक वैद्य आला. त्यानें सरदारास विचारिलें कीं एका पायानें जगणें बरें कीं दोन पायांनीं मरणें? सरदारानें जगणें पत्करिलें. मग एका धट्टयाकट्टया शिपायाकडून कुऱ्हाडीचे घाव घालविले. दुसऱ्या घावासरशीं रोगी गतप्राण झाला. त्या स्त्रीच्या डोक्यांत सैतान शिरला आहे असें ठरवून त्यानें तिच्या मस्तकावर वस्तऱ्यानें क्रुसाच्या आकाराची चीर पाडिली, हाड उघडें केलें आणि मीठ चोळलें. तीहि तत्काळ मेली.

ही हकीकत शत्रुपक्षाची आहे व ऐकीव आहे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. पण उसामा न्यायी होता. त्याच पुस्तकांत तो सांगतो कीं, राजा फुल्क याच्या एका खजिनदाराच्या पायास घोड्यानें लाथ मारल्यामुळें चौदा ठिकाणीं जखमा चिघळल्या होत्या, आणि एका फ्रँक वैद्यानें तिखट शिरक्यानें त्या धुऊन त्यास बरें केलें. दुसऱ्या एकानें एका कारागिराच्या मुलाच्या गंडमाळेवर औषध सांगितलें, पण त्या औषधावर पैसा मिळविणार नाहीं अशी शपथ बापाकडून घेतली.

आतां विचार असा: मुनैतिऱ्याचा तो वैद्य दुष्ट होता काय? माझ्या मतें नव्हता. त्यानें रोग्याची संमति देखील घेतली होती. पण जी निवड पुढें ठेविली ती खोटी होती. कारण पोटिसाचा तिसरा मार्ग समोर चालूं असून रोग्यास गुण येत होता. अर्धें सत्य सांगून घेतलेला होकार हा होकारच नव्हे. त्या स्त्रीस तर कोणी विचारिल्याचा उल्लेखच नाहीं. शिवाय ज्याला आपण ‘प्रयोग’ म्हणतों, तोहि त्यानें केला नाहीं. प्रयोग करणारा आपली चूक निघण्याची तयारी ठेवितो. याला आपल्या मताविषयीं अणुमात्र शंका नव्हती. रोगी मेले ते त्या निःशंकपणानें.

धर्मयुद्धाच्या राज्यांत कायदाही होता. तेराव्या शतकांत अक्का येथें लिहिल्या गेलेल्या नागरी न्यायालयाच्या कायद्याप्रमाणें, परक्या वैद्यानें धंदा करण्यापूर्वीं बिशपसमक्ष तेथील उत्तम वैद्यांपुढें परीक्षा द्यावी असा दंडक होता. वैद्याच्या हयगयीनें स्वतंत्र मनुष्य मेला, तर वैद्याच्या हातीं मूत्रपरीक्षेचें भांडें देऊन त्यास फटके मारीत गांवांतून फिरवावें व फांशी द्यावें. मात्र गुलाम मेला, तर धन्यास त्याची किंमत भरून दिली कीं झालें. या दोन कलमांतील अंतर हेंच या विषयाचें मर्म आहे. ज्याच्या जिवाची किंमत थोडी, त्याच्यावरच हात चालविण्यास वैद्य धजतो.

हें पुढील इतिहासानें वारंवार सिद्ध केलें. नाझी छावण्यांतील बंद्यांवर प्रयोग करणाऱ्या वैद्यांचा न्यूरेंबर्ग येथें १९४६-४७ सालीं खटला झाला. त्याच्या निकालांत रोग्याची स्वेच्छेनें दिलेली संमति हें पहिलें कलम म्हणून लिहिलें गेलें. तरीहि अमेरिकेंत टस्कीगी येथें उपदंशाचा रोग पुढें कसा वाढतो हें पाहण्यासाठीं शेंकडों गरीब काळ्या पुरुषांना १९३२ पासून १९७२ पर्यंत खरें औषध न देतां ठेविलें होतें. तेथील वैद्यांनीं कोणाचे पाय मोडले नाहींत. ते गोड बोलत होते.

उलट, आपल्या मुंबईंत १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगांतील स्वखुशीनें पुढें आलेल्या कैद्यांस. पहिली गोष्ट निखालस थोर आहे. दुसरीविषयीं मात्र प्रश्न उरतो: ज्याच्या दारास बाहेरून कुलूप आहे, त्याचा होकार कितपत मोकळा? हाफकिन यांस उणें न लेखितां आपण हा प्रश्न विचारिला पाहिजे.

श्रोतेहो, खेळांतला राक्षस ओळखावयास सोपा असतो. त्याचा चेहराच तसा रंगविलेला असतो. खरें संकट विद्वान, सद्धेतूचें आणि घाईचें असतें. म्हणून घरांतील कोणाच्या शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करण्यापूर्वीं वैद्यास नम्रपणें तीन गोष्टी विचाराव्या: दुसरा उपाय आहे काय? कांहींच न केल्यास काय होईल? आणि हें औषध सिद्ध झालेलें आहे कीं आम्हांवर सिद्ध व्हावयाचें आहे? चांगला वैद्य या प्रश्नांनीं रागावत नाहीं. मुनैतिऱ्याच्या त्या सरदारानें पहिला एकच प्रश्न विचारिला असता, तर त्याचे दोन्ही पाय आणि प्राण कदाचित् वांचले असते.