बेत आणि बेतणें

सातपुड्याच्या दक्षिणेस आणि तापीच्या उत्तरेस, गोमाई नदीच्या कांठीं शहादा हें तालुक्याचें गांव आहे. गांवाभोंवतालची जमीन काळी व कसदार. तींत पूर्वापार कापूस होत आला, आणि आतां त्याच्या जोडीला ऊंस, केळीं व पपई यांचेंही पीक निघतें. १९९८ सालीं धुळें जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हांपासून हा तालुका नंदुरबार जिल्ह्यांत मोडतो. एका अंगास गुजराथ व दुसऱ्या अंगास मध्यप्रदेश, अशा ठिकाणचें हें गांव असल्यामुळें त्याच्या बाजारांत मराठी, अहिराणी, गुजरी आणि भिली या भाषा एकाच वेळीं कानीं पडतात. आणि भाषांप्रमाणेंच नेसण्याच्या रीतीही अनेक दिसतात. पदर मागें सोडणारी स्त्री आणि उजव्या खांद्यावरून तो पुढें घेणारी स्त्री, या दोघी एकाच दुकानांत शेजारीं बसून कापड पाहत असल्या तर येथें कोणास त्याचें नवल वाटत नाहीं.

अशा गांवांतील एकादें घर डोळ्यांपुढें आणावें. खिडकीपाशीं शिवणाचें यंत्र आहे. दुपारचीं कामें आटोपलीं कीं घरची बाई तेथें येऊन बसते. शिवणकाम हा तिचा धंदा नव्हे. ती पैशासाठीं शिवीत नाहीं. पोलकें, परकर, नातवंडांचीं झबलीं, स्वतःचा सैल सदरा, हें सारें ती हौसेनें शिवते, चुकलें तर उसवते आणि पुन्हां शिवते. या बाईनें आतां एक बेत केला आहे. मुलें मार्गास लागलीं. तेव्हां एकदां एकटीनेंच परदेश पाहून यावा, असें तिच्या मनानें घेतलें आहे. शहाद्यास आगगाडी नाहीं. नंदुरबारास किंवा दोंडाईच्यास जाऊन सुरत-भुसावळ मार्गावरील गाडी धरावयाची आणि पुढें मुंबईहून विमान. हें सर्व तिनें विचारून ठेविलें आहे. तरी घरांत पहिला प्रश्न निघतो तो तिकिटाचा नव्हे. "तिकडे एकटी जाणार, तर अंगावर घालणार काय?" हा तो प्रश्न.

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो; पण तो तसा नाहीं. मनाशीं योजना ठरविणें याला मराठींत बेत करणें म्हणतात. माप घेऊन कापड कापणें याला बेतणें म्हणतात. आणि एकादी गोष्ट प्राणांवर येऊन ठेपली म्हणजे ती जिवावर बेतली असेंही म्हणतात. परदेशीं एकटीनें गेलेल्या स्त्रियांच्या वस्त्रांचा इतिहास पाहिला तर हे तिन्ही अर्थ त्यांत एकामागून एक भेटतात.

पहिली गोष्ट १८६४ सालची. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी नोकरीच्या परीक्षेंत यशस्वी झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यांत झाली, आणि पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांना बरोबर नेण्याचें त्यांनीं ठरविलें. बंगाली घरांतील स्त्रिया त्या काळीं अंतर्गृहांत नुसती एक साडी गुंडाळून वावरत. तेवढ्यावर चारचौघांतून प्रवास होण्यासारखा नव्हता. तेव्हां एका फ्रेंच दुकानाकडून खास 'पौर्वात्य' म्हणून एक पोशाख शिवून घेण्यांत आला. तो इतका गुंतागुंतीचा निघाला कीं ज्ञानदानंदिनींना तो आपला आपण अंगांत घालतांही येईना. मुंबईस आल्यावर मात्र त्यांनीं पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची रीत पाहिली, तींत आपल्या सोयीप्रमाणें फेरफार केले, आंत परकर व वर पोलकें घेतलें, आणि ती रीत पुढें बंगालमधील सुशिक्षित घरांत रूढ झाली. याच ज्ञानदानंदिनी १८७७ सालीं पतीची सोबत नसतांना लहान मुलांना घेऊन इंग्लंडला गेल्या. दुसऱ्यानें कल्पनेनें बेतलेला पोशाख एका प्रवासालाही सुखाचा झाला नाहीं. स्वतः पाहून, पारखून आणि बदलून घेतलेला पोशाख सातासमुद्रांपलीकडे उपयोगी पडला.

दुसरी गोष्ट महाराष्ट्राच्या अधिक जवळची आणि अधिक दुःखाची. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें. चौदाव्या वर्षीं त्यांना मूल झालें, आणि तें दहा दिवसांतच गेलें. आपण डॉक्टर व्हावें हा निश्चय त्या दुःखांतून पक्का झाला. पति गोपाळराव टपाल खात्यांत नोकर; दोघांच्या तिकिटांना पैसा नाहीं; म्हणून पत्नीनें एकटीनें अमेरिकेस जावें असें ठरलें. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूर येथें आनंदीबाईंनीं भरसभेंत आपल्या जाण्याचीं कारणें सांगितलीं, आणि हिंदु म्हणून जाऊन हिंदु म्हणूनच परत येण्याचें वचन दिलें. ७ एप्रिल रोजीं कलकत्त्याहून त्यांची बोट सुटली. ओळखीच्या कांहीं मिशनरी स्त्रिया बोटीवर होत्या. घरचें माणूस एकही नव्हतें. तेव्हां त्यांना नुकतेंच अठरावें वर्ष पुरें झालें होतें.

त्या वचनांत अन्न आलें, आचार आला आणि वस्त्रही आलें. वस्त्र म्हणजे नऊवारी लुगडें. कासोटा घालून नेसलेल्या लुगड्यानें चालणें, वांकणें, ओझें उचलणें हें सारें सुकर होतें. म्हणून ज्या हवेसाठीं तें निर्माण झालें त्या हवेंत त्याला तोड नाहीं. परंतु त्याच्या आंत परकर घालतां येत नाहीं आणि पोटऱ्या बऱ्याचशा उघड्या राहतात. फिलाडेल्फियाच्या हिंवाळ्यांत, जेथें पाणी गोठतें आणि बर्फ पडतें, तेथें हेंच नेसणें त्रासाचें झालें. त्यांना मिळालेल्या खोलींतील शेगडीही धड नव्हती. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी. एकीकडे भरसभेंत दिलेला शब्द आणि दुसरीकडे थंडीनें काकडणारें शरीर, अशा पेचांत त्या सांपडल्या. पुष्कळ विचारांतीं त्यांनीं गुजराथी पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. तिच्या आंत परकर घालतां येई आणि घोटेही झांकले जात. शब्द मोडला नाहीं; नेसण्याची रीत तेवढी बदलली. जी रीत शहाद्याच्या बाजारांत रोज दिसते, तीच त्या परक्या देशांत एका मराठी मुलीच्या मदतीस आली.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडल्या. पण तोंवर प्रकृति ढांसळली होती. कोल्हापूरच्या रुग्णालयांतील नेमणूक हातीं असतांना, रोगी तपासण्याचा योग येण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुणें येथें क्षयानें त्यांचा अंत झाला. बाविसावें वर्षही पुरें झालेलें नव्हतें. क्षय जंतूंमुळें होतो, वस्त्रामुळें नव्हे. रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं, आनंदीबाई निघण्याच्या आदल्याच वर्षीं, तो जंतु दाखवून दिला होता. तेव्हां लुगड्यानें त्यांचा घात केला असें म्हणणें अन्यायाचें होईल. इतकेंच म्हणतां येईल कीं, आधींच झिजत चाललेल्या शरीराला थंडीशींही झगडावें लागलें. आणि त्या झगड्यांत पुष्कळ काळ दोनच मार्ग समोर दिसत होते. एक, आपला वेष सोडावा. दुसरा, आपला देह कष्टवावा.

तिसरा मार्ग सुईचा. ज्या स्त्रीला बेतणें आणि शिवणें येतें, तिच्यापुढें हे दोनच मार्ग कधींच नसतात. आहे त्या वस्त्राच्या आंत दुसरें कोणतें वस्त्र येईल, कोठें अस्तर लागेल, कोठें चार बोटें उंची वाढेल, याचा विचार तिला करतां येतो. आज नऊवारीही शिवून मिळते. ती पायजम्यासारखी चढवितां येते, आणि तिच्या आंत लोंकरीचा तंग लेंगा सहज बसतो. परंपरा जशीच्या तशी गुंडाळून घ्यावी किंवा काढून फेंकावी, एवढेंच कांहीं नाहीं. ती बेतूनही घेतां येते.

शहाद्याच्या खिडकीपाशीं बसलेल्या बाईनें प्रवासासाठीं काय शिवावें, हें पाहूं लागलें म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. प्रथम ऊब कशांत असते तें समजून घेतलें पाहिजे. ऊब मुख्यतः जाडींत नसून धाग्यांच्या व थरांच्या मधें अडकून राहिलेल्या हवेंत असते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षां दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले अधिक ऊब देतात. शिवाय गरम झाल्यास एक काढून ठेवतां येतो. सुती कापड घाम चटकन् शोषून घेतें, पण तें ओलें राहतें, आणि ओलें कापड अंगाची उष्णता ओढून नेतें. लोंकर ओलावा शोषूनही बरीच ऊब राखते. सभोंवार कापूस पिकणाऱ्या गांवाला हें थोडेंसें खटकेल. पण बर्फाच्या देशांत अंगालगत लोंकर किंवा रेशीम असावें आणि सुती कापडानें वर राहावें, हेंच हिताचें. सिंगापूर किंवा कोलंबो यांसारख्या उष्ण व दमट ठिकाणीं मात्र पातळ, सैल सुती सदऱ्यासारखें सुख नाहीं. तेथें रात्रीं धुऊन सकाळीं वाळेल अशी मलमल बरी. अस्तर लावलेलें जाड कापड तेथें वाळतां वाळत नाहीं.

दुसरी गोष्ट चोरखिशाची. एकट्या प्रवाशाचें खरें धन म्हणजे पारपत्र, आणि तें हातांतील पिशवींत ठेवून निश्चिंत राहतां येत नाहीं. पारपत्राची पुस्तिका १२.५ सेंटिमीटर लांब व ८.८ सेंटिमीटर रुंद असते. तेव्हां शिवून झाल्यावर ११ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल राहील असा मांजरपाटाचा खिसा परकराच्या आंतल्या बाजूस, नेफ्याच्या चार बोटें खालीं लावावा. शिवणीवर दुहेरी टीप घालावी आणि तोंडावर झडप ठेवून तिला काज-बटण करावें. परकर नेसावयाचा नसेल तर हाच खिसा सदऱ्याच्या आंत, कमरेच्या वर बसतो. बाजारांत तयार खिसे मिळतात, परंतु चोरखिसा कोठें आहे हें शिवणाऱ्या हातावांचून दुसऱ्या कोणास ठाऊक नसलें, तरच त्याचें नांव सार्थ.

तिसरी गोष्ट मापाची. दुकानांतील तयार कपडा कोणा एका ठराविक बांध्यासाठीं शिवलेला असतो. तो ज्याच्या त्याच्या अंगाला बसतोच असें नाहीं. जड पेटी उचलतांना मुंढ्यांत काचणारी बाही आणि जिना चढतांना पायांत येणारा घेर, या घरीं बारीक वाटणाऱ्या अडचणी. एकटीच्या प्रवासांत त्यांना हात द्यावयास दुसरें कोणी नसतें. म्हणून शिवून झालेला कपडा घालून, हातांत भरलेली पेटी घेऊन, आपल्याच घराचा जिना चार वेळां चढून-उतरून पाहावा. जेथें काचतें तेथें उसवून थोडें सैल करावें. सुई, दोरा, दोन बटणें आणि अंगुस्तान एका डबींत घालून बरोबर घ्यावीं. कात्री मात्र विमानांत हातांतील पिशवींत नेण्यास पुष्कळ ठिकाणीं हरकत घेतात, म्हणून ती मोठ्या पेटींत ठेवावी.

इतकी तयारी झाल्यावरही भय सर्वस्वीं जात नाहीं. भाषा येत नाहीं, वय झालें, हे विचार मनांत येतातच. अशा वेळीं पार्वतीबाई आठवले यांचें स्मरण करावें. १८७० सालीं कोंकणांत त्यांचा जन्म झाला आणि ऐन तारुण्यांत वैधव्य आलें. धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठीं त्या गांवोगांव वर्गणी जमवीत. १९१८ सालीं, पन्नाशीच्या घरांत आल्या असतांना, तोकड्या इंग्रजीवर त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं परक्या घरांत घरकाम करून पोट भरलें, इंग्रजी शिकण्याची खटपट केली, आणि संस्थेसाठीं पैसा मिळवून त्या परत आल्या. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रांत त्यांनीं आपली हकीकत सांगितली आहे. ज्या हातांना कामाची लाज नाहीं, ते हात परमुलुखांतही निराधार होत नाहींत, हा त्यांच्या प्रवासाचा अर्थ.

आनंदीबाई ज्या देशांत थंडीनें कुडकुडल्या, त्याच देशांत एलायस हाउ यांनीं १८४६ सालीं आणि आयझॅक सिंगर यांनीं १८५१ सालीं शिवणयंत्राचे हक्क नोंदविले होते. तें यंत्र आतां शहाद्याच्या खिडकीशीं आहे. आनंदीबाईंना आपला मार्ग एकटीनें, परक्या गांवांत, भर हिंवाळ्यांत शोधावा लागला. त्यांच्यानंतर जाणाऱ्या बाईला तो घरीं, भर दुपारीं, खडूनें कापडावर आंखतां येतो.

म्हणून "अंगावर घालणार काय?" असें घरांत कोणी विचारलें तर त्या बाईनें रागावूं नये आणि बेतही मोडूं नये. मापाची पट्टी घ्यावी आणि कापड पसरावें. बेत वेळेवर नीट बेतला, म्हणजे तो जिवावर बेतण्याचें भय पुष्कळ कमी होतें.