दोन संकल्पना एकत्र येतात तेव्हा



मानसशास्त्र शिकवणाऱ्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षीय भाषणात विषयाचा सगळा पसारा मांडायची रीत आहे. ती बाजूला ठेवून आज मी एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. दोन ओळखीच्या संकल्पना एकत्र आल्या की त्या जोडीचे नेहमीचे गुणधर्म आपण कुठून आणतो?

एलिनॉर रॉश यांनी 1970च्या दशकात दाखवलं की मनातल्या वर्गांना काटेकोर कुंपण नसतं. काही सदस्य अधिक प्रातिनिधिक वाटतात, काही कमी. त्यावर 1981 मध्ये डॅनियल ऑशरसन आणि एडवर्ड स्मिथ यांनी एक अडचणीचं उदाहरण पुढे ठेवलं. गप्पी हा पाळीव प्राणी म्हणून फारसा प्रातिनिधिक नाही, मासा म्हणूनही नाही. 'पाळीव मासा' म्हणून मात्र अगदी चपखल. संदिग्ध संचांच्या तेव्हाच्या गणितानुसार जोडीतली प्रातिनिधिकता दोन घटकांतल्या कमी असलेल्या आकड्याच्या वर जाऊच शकत नव्हती. गप्पीच्या बाबतीत ती गेली.

हे उदाहरण आपण वर्गात जसंच्या तसं सांगतो. मुलं लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात. पण मालवणच्या मुलीला मासा म्हटलं की बांगडा आठवतो, सुरमई आठवते. आणि गप्पी? तो आपल्याकडे बहुतेकांना भेटतो आरोग्य खात्याच्या हिवताप मोहिमेत, विहिरीत आणि डबक्यांत सोडलेला, डासांच्या अळ्या खाणारा. तो पाळलेला कमी आणि कामाला लावलेला जास्त. पाळीव मासा म्हणाल तर आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या टाकीतला गोल्डफिश येतो. यानं ऑशरसन-स्मिथ यांचं म्हणणं खोटं पडत नाही, उलट बळकट होतं. 'पाळीव' आणि 'मासा' या दोन याद्या कितीही घोळवल्या तरी काचेची टाकी त्यांत सापडत नाही. ती आपण आजूबाजूला पाहिलेल्या जगातून आणतो, आणि म्हणूनच ती जागेप्रमाणे बदलते.

डग्लस मेडिन आणि एडवर्ड शोबेन यांनी 1988 मध्ये चमच्यांबद्दल असंच काही दाखवलं. चमचा म्हटलं की लोकांच्या मनात लहान आणि धातूचा चमचा येतो. 'लाकडी' हा शब्द पुढे लावला की नुसतं साहित्य बदलत नाही, चमचा मोठाही होतो. कोणीही आकाराबद्दल अवाक्षर काढलेलं नसतं. आपल्या शाळेतल्या व्याकरणाला ही भर घालण्याची सवय ओळखीची आहे: 'पुरणपोळी'चा विग्रह करताना मूल मधले गळालेले शब्द स्वतःहून घालतं.

जेम्स हॅम्प्टन यांनी या भर घालण्याचे काही नियम शोधले. एखाद्या घटकाला जो गुण अटळ असतो तो जोडीत उतरतो, दुसऱ्या घटकाशी ज्याचं जमूच शकत नाही तो गळतो. इटलीतल्या ट्युरिनचे अंतोनिओ लिएतो आणि जान लुका पोत्सातो यांनी तर यासाठी तर्कव्यवस्थाच बांधली. दोन गुण भांडले की मुख्य पदाचा गुण राहतो, विशेषणाचा मागे सरतो. काम फार सुंदर आहे. तरीही दोन याद्यांतून निवड करण्याचा कोणताही नियम टाकीपर्यंत पोहोचवत नाही, आणि माझ्या मते पुढच्या संशोधनाची खरी जागा तीच आहे.

हॅम्प्टन यांचंच आणखी एक निरीक्षण: काही लोक बुद्धिबळाला मैदानी अर्थानं क्रीडा मानत नाहीत, पण 'खेळही असलेल्या क्रीडा' या वर्गात त्याला बसवतात. मार्टिन यॉनसन यांच्याबरोबर 2006 मध्ये त्यांनी दाखवलं की 'सगळ्या सोफ्यांना पाठ असते' हे विधान लोकांना 'सगळ्या हातानं बनवलेल्या, बसायला अवघड सोफ्यांना पाठ असते' यापेक्षा जास्त खरं वाटतं. तर्कानं पाहिलं तर पहिलं खरं असेल तर दुसरं खरं असलंच पाहिजे. पाठ्यपुस्तकं इथे थांबतात आणि माणूस तर्कात कच्चा आहे असा शेरा मारतात. हा शेरा मला अपुरा वाटतो. समोरचा माणूस मुद्दाम 'अवघड' म्हणतोय म्हणजे काहीतरी वेगळं असणार, हे ऐकणारा गृहीत धरतो. विशेषण वाढलं की खात्री कमी करणं हे रोजच्या बोलण्यातलं शहाणपण आहे.

हेच शहाणपण माणसांच्या बाबतीत धोक्याचं होतं, आणि आजच्या भाषणाचं खरं कारण हे आहे. झिवा कुंडा, डेल मिलर आणि थेरेसा क्लेअर यांनी 1990 मध्ये लोकांना हार्वर्डमध्ये शिकलेल्या सुताराचं वर्णन करायला सांगितलं. पैशाची हाव नसलेला, असं लोक म्हणाले. हा गुण हार्वर्डवाल्यांच्या ठरलेल्या वर्णनात नव्हता, सुतारांच्याही नव्हता. दोन्ही गोष्टी एका माणसात कशा आल्या याचं कारण लोकांनी मनाशी रचलं आणि त्या कारणातून गुण काढला.

आता आपल्याकडचा 'इंजिनिअरिंग सोडून शेती करणारा तरुण' घ्या. एक विद्यार्थी म्हणतो, ध्येयवादी असणार, सेंद्रिय शेती करत असणार. शेजारचा म्हणतो, विषय राहिले असतील, नोकरी लागली नसेल. दोघांना मिळालेली माहिती सारखीच होती. पहिल्यानं स्वतःच्या निवडीची गोष्ट रचली, दुसऱ्यानं अपयशाची. वडील अचानक आजारी पडले आणि घरचं रान पडीक राहू नये म्हणून तो परतला, ही शक्यता दोघांच्याही मनात आली नाही. आणि दोघेही ठामपणे बोलतात, कारण रचलेलं कारण रचणाऱ्याला कारणासारखं दिसत नाही. ते त्याला त्या तरुणाचा स्वभावच वाटतं.

आपले विद्यार्थी उद्या समुपदेशक होतील. त्यांच्यापुढे केसपेपर येईल: 'विधवा, शेतकरी', 'अंध, शिक्षक'. दोन शब्द वाचताक्षणी मनात तिसरा तयार झालेला असेल, आणि माणूस अजून खुर्चीत बसलेलाही नसेल. पूर्वग्रहाबद्दल आपण शिकवतो ते बहुधा एकेका गटाबद्दल: स्त्रिया, वृद्ध, अमुक जात. जोडीतून उगवणाऱ्या पूर्वग्रहाला अभ्यासक्रमात पुरेशी जागा नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

म्हणून दोन गोष्टी मागतो. पहिली: प्रात्यक्षिकाच्या तासाला परदेशी प्रश्नावलीचं भाषांतर वाटण्याऐवजी मुलांकडून मराठी जोडसंकल्पनांच्या याद्या गोळा करा. मालवणात, मेळघाटात, गडचिरोलीत, मुंबईच्या चाळीत. प्रत्येक महाविद्यालयानं त्या तारखेसह जपून ठेवाव्यात आणि या परिषदेनं त्या एकत्र कराव्यात. दुसरी: केसपेपरवर दोन रकाने आखायला शिकवा. एकात माणसानं स्वतः सांगितलेलं, दुसऱ्यात आपल्याला वाटलेलं. यंदाच्या सत्रापासूनच हे सुरू करा आणि पुढच्या अधिवेशनाला येताना दोन्ही रकाने भरलेले कागद, नावं काढून, बरोबर आणा.