लेकरू मांडीवर, पुढच्या सीटवर

 

मागच्या महिन्यात आम्ही सहा जणी बँकेच्या कामाने यवतमाळला गेलो. गाडी भाड्याची. आमच्यातल्या एकीजवळ दहा महिन्यांचं लेकरू. मीच तिला म्हटलं, तू समोर बस बाई, लेकराला हवा लागेल. गाडी चालवणारा गावातलाच पोरगा. तो म्हणाला, "ताई, समोर एअरबॅग आहे. लेकरू घेऊन मागं बसा." खरं सांगते, मला त्याचा रागच आला. एअरबॅग जीव वाचवायला असते ना, मग तिथंच बसलेलं बरं नाही का? पण तो ऐकेना. घरी आल्यावर मी शोधून वाचलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

एअरबॅग म्हणजे स्टिअरिंगमध्ये आणि समोरच्या डॅशबोर्डमध्ये घडी करून ठेवलेली कापडी पिशवी. गाडी जोरात आदळली की आत गॅस तयार होतो आणि पिशवी फुगते. किती वेळात? एका सेकंदाचे तीस-पस्तीस भाग केले तर त्यातल्या एका भागात. आपण "अगं माय" म्हणायच्या आत. ती ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं बाहेर येते. पट्टा लावून मागं टेकून बसलेल्या मोठ्या माणसापर्यंत पोचेतो ती फुगून झालेली असते, म्हणून तो वाचतो. मांडीवरचं लेकरू मात्र तिच्या वाटेतच असतं. पुढून पिशवी आणि मागून आईची छाती.

डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला असंच झालं. सहा वर्षांचा मुलगा वडिलांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसला होता. पुढची गाडी दुभाजकाला धडकली, तिचा मागचा भाग यांच्या बॉनेटवर आदळला आणि एअरबॅग उघडली. बाहेरून मोठी जखम दिसली नाही, मार आत लागला. लेकरू गेलं. वडील वाचले.

हे अमेरिकेत १९९० नंतरच्या वर्षांत पुष्कळ घडलं. लहान मुलं आणि बुटक्या बाया, ज्या स्टिअरिंगच्या अगदी जवळ बसतात, त्या धडक हळू असूनही गेल्या. पालकांनी आवाज उठवला, तेव्हा तिथल्या सरकारनं नियम बदलले. पिशवीचा जोर कमी करायला परवानगी दिली, आणि १९९८ पासून काही जणांना ती बंद करायचं बटण बसवून घेता येऊ लागलं. म्हणजे नियम काही दगडावरची रेघ नसतो.

आता ऐका, जपायचं काय. तेरा वर्षांखालचं मूल मागंच बसवा, पट्टा लावून. गाडी चालवणाऱ्या बाईनं छाती आणि स्टिअरिंगमध्ये वीतभराहून जास्त अंतर ठेवावं. पोटुशी असाल तर पट्टा पोटावरून नको, पोटाखालून घ्या. पाय डॅशबोर्डवर टाकायचे नाहीत. आणि बायांनो, डॅशबोर्डवर गणपती, नारळ, देवीचा फोटो ठेवतो ना आपण? पिशवी उघडली की तेच तोंडावर येतं. देवाला दुसरी जागा द्या, तो रागावणार नाही. पिशवी फुटल्यावर पांढरी भुकटी उडते. दम्याच्या माणसाला आधी मोकळ्या हवेत न्या.

आपल्याकडं जुन्या गाड्या जास्त. जपानच्या टाकाटा कंपनीच्या पिशव्यांमधलं रसायन उष्णतेनं आणि ओलीनं खराब होऊन धातूचा डबाच फुटायचा, आणि त्याचे तुकडे माणसाला लागायचे. जगभरात अशा कोट्यवधी पिशव्या परत मागवल्या, भारतातल्या गाड्याही त्यात होत्या. बदलून फुकट मिळते, पण चिठ्ठी पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. म्हणून घरात जुनी गाडी घेतली असेल तर चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा.

आता नियमाचं. ड्रायव्हरसमोरची पिशवी जुलै २०१९ पासून सक्तीची, बाजूच्याची २०२२ पासून सगळ्या नव्या मोटारींना. मागं बसणाऱ्यांचं काय? सहा पिशव्या सक्तीच्या करायचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, तारीख पुढं ढकलली, आणि २०२३ मध्ये मंत्र्यांनी सांगितलं की सक्ती नाही. मला हे पटत नाही. मागच्या सीटवर आपणच असतो, पोरं आणि म्हाताऱ्या. तरी पट्ट्यावाचून पिशवीचा उपयोग नाही, हेही तितकंच खरं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्रींची महागडी गाडी पुलाला धडकली. मागं बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता. दोघेही गेले. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले.

आणि पिशवी उघडलीच नाही तर? दिल्लीच्या एका माणसाची ह्युंडाई क्रेटा २०१७ मध्ये आदळली, पिशव्या उघडल्या नाहीत. कंपनी म्हणाली, धडक तेवढी जोराची नव्हती. तो ग्राहक आयोगात गेला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्याच्या बाजूनं कायम ठेवला. ग्राहकानं वेग आणि जोराचं गणित मांडत बसावं, अशी अपेक्षा करता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. आपली तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. वकील लागतोच असं नाही. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फीही नाही. आधी विचारायचं असेल तर १९१५ वर फोन लावा.

आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घेतला. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पत्र द्यायचं ठरलं: भाड्याच्या गाड्यांमध्ये मागचे पट्टे सीट कव्हरखाली दाबून टाकलेले असतात, ते तपासा. एकजण म्हणाली, "आपलं ऐकतंय कोण?" मी म्हटलं, सही तर कर. एकवीस सह्या झाल्या.

पुढच्या गुरुवारी पुन्हा यवतमाळला जायचं आहे. त्याच पोराची गाडी सांगितली. लेकराची आई मागं बसणार, आणि समोर मी, पट्टा लावून.