दोष माणसात शोधण्याआधी



 वर्तनविज्ञानाची परिषद माणमध्ये भरावी, हे मला फार योग्य वाटतं. मुळशीतल्या या भातशेतीच्या शिवारात आज हिंजवडी आयटी पार्कचा तिसरा टप्पा उभा आहे. पुण्यातल्या शिवाजीनगरपासूनच्या मेट्रोमार्गाचं एक टोक इथंच आहे, आणि भोसरी-चाकणचे कारखानेही फार लांब नाहीत.

मी सुट्या भागांच्या धंद्यातला माणूस, म्हणून प्रेसशॉपचीच गोष्ट सांगतो. पत्रा दाबणाऱ्या बऱ्याच पॉवर प्रेसना दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर राहतात. पण लहान शॉपमध्ये यातलं एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलेलं मी पाहिलं आहे. एक हात मोकळा झाला की पीस वाढतात. मग कुणाची तरी बोटं जातात आणि अहवालात लिहिलं जातं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ रंगवलेलं असतं, सुपरवायझर मात्र दर तासाला पीस मोजतो. कामगार सुपरवायझरचं ऐकतो, कारण त्याची नोकरी त्या आकड्यावर टिकते. बटण सोडून पुन्हा दाबल्याशिवाय पुढचा स्ट्रोकच मिळणार नाही, अशी जोडणी करता येते. ती करायची मालकानं, आणि टार्गेट ठरवणाराही मालकच. त्या अहवालात मालकाचं नाव कुठंच नसतं.

मुंबईत वडाळ्याला 2010 च्या सुमारास रेल्वे आणि ‘फायनल माइल’ या संस्थेनं माणसाला दोष देण्याऐवजी मांडणी बदलायचा विचार केला. येणाऱ्या गाडीचा वेग माणसाला डोळ्यांनी नीट जोखता येत नाही, म्हणून रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले. एका लांब शिटीऐवजी दोन तुटक शिट्या द्यायला लावल्या. रूळ ओलांडणाऱ्यांना कुणी अडाणी म्हटलं नाही, आणि तिथले मृत्यू घटले.

या बाबतीत आपल्या गावांचा अनुभवही मोठा आहे. अनुदानातून बांधलेल्या कितीतरी संडासांत सरपण आणि गोवऱ्या भरलेल्या असत. 2000-01 मध्ये, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावागावांत चुरस लागली, बक्षीस अख्ख्या गावाचं होतं, आणि सरकारी योजना लोकांची झाली. पुढं मात्र पहाटेची ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघाली आणि उघड्यावर बसणाऱ्यांना चारचौघांत लाजवू लागली. ज्याच्या घरी पाणी नाही, जागा नाही, त्याला हार घालून त्याचा फोटो काढणं हा निव्वळ अपमान आहे. वर्तन बदलण्याच्या नावाखाली तो कुणी खपवू नये, असं मी या व्यासपीठावरून स्पष्ट सांगतो.

हिंजवडीच्या वाहतूक कोंडीचंही तेच. ‘गाडी घरी ठेवा’ असे फलक लावून काही होत नाही. मेट्रो स्टेशनपासून कंपनीच्या गेटपर्यंत सावलीचा, सलग फूटपाथ आहे का, हे आधी पाहावं लागेल.

उद्या दुपारनंतर आम्ही, स्वागत समितीनं, परिषदेत एकही भाषण ठेवलेलं नाही. गाड्या तयार आहेत. भोसरी आणि चाकणच्या शॉपमध्ये चला, मशीनपाशी उभे राहा, आणि मालक बाजूला असताना नव्हे, नसताना कामगारांशी बोला. त्यानंतरच परिषदेचे ठराव लिहायला बसा, ही आपणा सर्वांना हात जोडून विनंती.