कोरीव लाकडावरचा जुना रंग

श्रोतेहो, तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या वाड्याची चौकट जरा जवळ जाऊन पाहा. वेलबुट्टी कोरलेली असेल. पण पोपट कुठला आणि पान कुठले, हे ओळखू येते का? दर लग्नकार्याला तैलरंगाचा एकेक हात चढत गेला, खोबणी बुजल्या आणि नक्षीच्या जागी नुसते उंचवटे उरले. मग एक दिवस ‘हिच्यात आता काय राहिलंय?’ म्हणून ती चौकट जुन्या बाजारात जाते. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातले सुरूदार खांब दाखवायला आपण मुलांची सहल नेतो, आणि त्याच घाटाचे खांब आपल्या ओसरीवर रंगाखाली गुदमरत असतात!

रंग काढायचा खरा, पण आधी तो कसला आहे ते पाहावे. स्पिरिटचा बोळा एका कोपऱ्यात घासा. बोळा तांबूस होऊन लाकूड चिकट लागले, तर ते लाखेचे पॉलिश. ते स्पिरिटनेच सुटते. काहीच झाले नाही, तर बहुधा तैलरंग. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव फार. घरगुती रंगातले शिसे दहा लाख भागांत ९० भागांवर जाऊ नये, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. म्हणून त्याआधीचा रंग कोरडा घासू नका, जाळून तर मुळीच काढू नका. ती धूळ पोटात गेली, तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो. शिक्षकमंडळींनी एवढे तरी घरोघर सांगावे.

स्वस्त म्हणून पुष्कळजण कॉस्टिक सोडा लावतात. त्याने सागवान काळवंडते, रेषा वर येतात. त्यापेक्षा दुकानात मिळणारे रंग सुटवायचे औषध जाडसर लावा आणि रंग सुरकुतेपर्यंत थांबा. घाई नको. पटाशी तर नकोच. तिचा एक ओरखडा कारागिराची आठ दिवसांची मेहनत पुसतो. बांबूची कामटी खोबणीच्या मापाने तासून घ्या. खांबाच्या गोल खाचांत सुतळीचा वेढा द्यावा आणि ताक घुसळताना रवीची दोरी ओढतो तशी ती मागेपुढे ओढावी. हातात मोजे, दारे-खिडक्या सताड उघड्या, मुले लांब. निघालेले पापुद्रे ओल्या कागदात गोळा करा. चुलीत घालू नका.

एखाद्या देवघरावर मूळचेच जुने रंगकाम असेल, तर मात्र हात लावू नये. आधी जाणकाराला दाखवावे.

लाकूड पुरते वाळले की बारीक काचकागद, तोही रेषेच्या दिशेने आणि हलक्या हाताने. नक्षीच्या कडा बोथट व्हायला वेळ लागत नाही. मग लाखेची चपडी स्पिरिटात विरघळवून तिचे पातळ हात द्या. सपाटीवर कापडात गुंडाळलेला कापूस, नक्षीत मऊ कुंचला. चूल, विडी जवळ नको. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत पॉलिशवर पांढरे ढग येतात.

कुणी पॉलिशऐवजी अळशीचे तेल लावतात; तेही चांगले. फक्त तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. अंगणात एकेक सुटे पसरून वाळवा.