चाल तिची होती
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘तुझ्या सॉफ्टवेअरबद्दल बोल’ असं मला सांगितलं होतं. पण मी एका धुनेची गोष्ट सांगणार आहे.

राम संपत हे जाहिरातींच्या जिंगल्स करणारे संगीतकार. सोनी एरिक्सनच्या जाहिरातीसाठी त्यांनी एक छोटीशी धून केली होती. २००८ साली ‘क्रेझी ४’ची गाणी आली आणि त्यांत त्यांना आपलीच धून ऐकू आली. निर्माते राकेश रोशन, संगीत राजेश रोशन यांचं. एवढ्या मोठ्या नावांशी वाकडं घ्यायचं म्हणजे पुढच्या कामांवर पाणी सोडायची तयारी हवी. तरी संपत मुंबई उच्च न्यायालयात गेले. चित्रपट प्रदर्शनाच्या तोंडावर असताना न्यायालयाने ती गाणी वापरायला मनाई केली. अखेर तडजोड झाली, दोन कोटी रुपयांना, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. आणि काम काही थांबलं नाही. २०११ चा ‘डेली बेली’ आणि २०१२ चं ‘सत्यमेव जयते’, दोन्हींचं संगीत त्यांचंच.

‘चार-पाच सूर घेतले तर चालतं’ असा एक समज आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं कुठलंही माप नाही. किती घेतलं यापेक्षा त्या रचनेचा गाभा घेतला का, हे पाहतात. आमच्या कामातही तेच. दुसऱ्याचा कोड घेतला, तर त्याच्या परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात आणि बहुतेक वेळा मूळ लेखकाचं नाव ठेवावं लागतं. नव्या मुलांना मी हे दरवर्षी शिकवते. आणि दरवर्षी शिकवताना मला नववीचं स्नेहसंमेलन आठवतं.

आपल्या वर्गाच्या समूहगीताला पहिलं बक्षीस मिळालं होतं. शब्द माझे होते. बाईंनी स्टेजवर विचारलं, “चाल कुणाची गं?” मी म्हणाले, “माझीच.” ती माझी नव्हती. लालबागच्या चाळीतल्या गॅलरीत, गिरणीतून येणाऱ्या वडिलांची वाट बघत, माझ्या मैत्रिणीने ती बसवली होती. त्या दिवशी ती कोरसमध्ये, माझ्या मागेच उभी होती. काही बोलली नाही. पुन्हा कधी चालही लावली नाही.

आज ती शेवटच्या रांगेत बसली आहे. तिच्याकडे न्यायालय नव्हतं, फक्त मी होते, आणि मी गप्प राहिले. बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर उशिरा देते आहे: चाल तिची होती.

या स्मरणिकेत ते गीत छापणार असाल, तर तिचं नाव आधी छापा. माझं नंतर.