मुसके हे पथ्य आहे, शिक्षा नव्हे
(ट्रस्टच्या महोत्सवी समारंभातील भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावर शिक्षक उभा राहिला म्हणजे तो शिक्षणावर बोलणार, असे आपण धरून चालला असाल. आम्ही आज एका घोडीविषयी बोलणार आहोत. विषय थोडा विचित्र वाटेल. पण ज्या गावातल्या लष्कराचे नावच १८१० साली दौलतराव शिंद्यांनी दिलेल्या तळावरून पडले, त्या ग्वाल्हेरीस घोडा परका नाही. पुढे स्वारांचा घोडा टांग्याला लागला. टांग्याची जागा टेंपोने व नंतर बॅटरीवरच्या रिक्षाने घेतली. आता उरली आहे ती मुख्यतः वरातीची घोडी.

आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी अशी घोडी आहे. लग्नसराईत ती राबते आणि त्यावर घर चालते. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात ते कार्तिकी एकादशीपर्यंत. या चार महिन्यांत मिळकत नाही, म्हणून चारा विकत घेणे परवडत नाही. आणि पावसाने माळ हिरवागार झालेला असतो. मालक घोडी माळावर सोडतो. त्यात त्याची चूक ती काय?

गेल्या वर्षी भाद्रपदात तो मुलगा शाळेत आला तो रडवेला. म्हणाला, "मास्साब, घोडी पुढचे पाय टेकवतच नाही." आम्ही त्याच्याबरोबर गेलो. घोडी सारा भार मागच्या पायांवर टाकून उभी होती, पुढचे खूर हाताला गरम लागत होते. पशुवैद्य आले. त्यांनी सांगितले की खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी जोडून धरणारे जे नाजूक पापुद्रे असतात, त्यांस सूज आली आहे. सूज बळावली तर हाड जागचे सरकते आणि जनावर कायमचे लंगडे होते. कारण विचारले तर ते म्हणाले, "खाणे जास्त, काम काहीच नाही." सहा महिने हरभरा आणि गूळ, त्यावर बसून राहणे आणि कोवळे, साखर भरलेले गवत.

इथे आपणा सर्वांचाही थोडा वाटा आहे. वरात निघण्यापूर्वी घोडीला हरभऱ्याची डाळ चारण्याची आपल्याकडे रीत आहे. एकेका वरातीत किती ओंजळी तिच्या तोंडी जातात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. लाडाने दिलेले खाणेही कधी कधी विष होते.

घोडी सुदैवाने सावरली. पण त्या सराईचे पहिले दोन महिने बुडाले. घरात उसनवारी झाली आणि मुलगा शाळा सोडून कामाला लागण्याच्या बेतात होता. यंदा पाऊस लागण्यापूर्वीच वैद्यांनी बजावले, "माळावर सोडायची असेल तर मुसके घालून सोडा."

मळणीच्या बैलाचे मुसके आपण पाहिले आहे. ते तोंड बंद करण्यासाठी असते. चरणाऱ्या घोड्याचे मुसके वेगळे. त्याला तळाशी एक लहान भोक असते. त्यातून गवताचे शेंडे तेवढे आत येतात, पाणी पिता येते, आणि बाजूंच्या फटींतून श्वास मोकळा चालतो. घोड्याचे जठर लहान, आणि निसर्गतः तो दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे खात असतो. त्याला उपाशी बांधून ठेवणे म्हणजे पोटशूळाला बोलावणे. मुसक्याने तो चरतो, फिरतो. पोटात मात्र कमी जाते.

आमच्या मोच्याने जुन्या पट्ट्यांचे मुसके बनविले, आणि आम्ही सारे उतावळे झालो. पहिल्याच सकाळी ते बांधून घोडी मोकळी सोडली. ती चवताळली. पुढच्या पायाने ओरबाडू लागली, कडुनिंबाच्या खोडावर तोंड घासू लागली, आणि नाकावरची कातडी सोलवटली. मुलाने धावत जाऊन ते सोडविले. तो आमच्याकडे पाहून काही बोलला नाही. पण त्याच्या डोळ्यांत जे होते ते आम्ही वाचले. ज्या पोराला आम्ही रोज सांगतो की धडा पायरीपायरीने शिकावा, त्याच्याच घोडीला आम्ही एकदम शेवटचा धडा दिला होता.

जखम भरेपर्यंत थांबलो आणि मग नव्याने आरंभ केला. घोडीला तोबरा ठाऊक होता. तोंडाला काही लागले म्हणजे खाणे मिळते, हे तिला कळत होते. त्याच ओळखीचा उपयोग केला. पहिल्या दिवशी मुसक्याच्या तळाशी मूठभर गवत ठेवून ते नुसते पुढे धरले. तिने आपणहून तोंड घातले. दुसऱ्या दिवशी पट्टा क्षणभर लावून लगेच काढला. नंतर मुलगा खाली बसून भोकातून गवताच्या काड्या आत सरकवू लागला. दोन दिवसांत तिला उमगले की खाणे त्या भोकातून येते. मग मध्यम उंचीच्या गवतात नेले. खुरट्या गवताचे शेंडे आत येत नाहीत आणि जनावर निराश होते. आधी दहा मिनिटे, मग वीस. दोन तासांवर यायला दोन आठवडे लागले.

काही गोष्टी कटाक्षाने पाळल्या. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत. गालाशी एक कच्ची दोरी असावी, म्हणजे कुठे अडकल्यास तीच तुटेल. हौदाशी उभे राहून तिच्या गळ्याचा घोट दिसेपर्यंत थांबावे. रोज नाक आणि ओठ तपासावेत. गवतातली साखर दिवसभराच्या उन्हाने वाढते, म्हणून पहाटे चारावे. रात्री मुसके काढून कोरडा चारा द्यावा. आणि खूर तापलेले जनावर मुसके घालूनही माळावर सोडू नये. त्याला वैद्यच हवा.

आता मुलगा मुसके घेऊन आला की घोडी स्वतः मान खाली करते. चातुर्मास पार पडला, खूर थंड राहिले, आणि मुलाचे नाव आमच्या हजेरीपटावर कायम आहे.

ट्रस्टने या वर्षांत पुष्कळांना हात दिला. आमची विनंती लहान आहे. चातुर्मासात ज्या घरांची मिळकत थांबते, त्यांच्या जनावरांच्या कोरड्या चाऱ्यासाठी आणि वैद्याच्या एका फेरीसाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी. आणि पुढच्या वरातीत घोडीपुढे ओंजळ धरण्यापूर्वी मालकाला विचारावे, "देऊ का, आणि किती?"